छातीत पाणी, चढणारा दम आणि चाळीस वर्षांपूर्वीचं काम: अ‍ॅस्बेस्टॉसचा कॅन्सर ओळखताना

सोलापुरात छातीत पाणी झालं की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. दम लागला की बिडीवर, वयावर नाहीतर गिरणीतल्या कापसाच्या धुळीवर बोट ठेवलं जातं. तेही पुष्कळदा खरं असतं. पण याच दोन तक्रारींमागे कधीकधी तंतूंचं एक खनिज, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याच्यापर्यंत पोचायला जो प्रश्न लागतो, तो गर्दीच्या ओपीडीत सहसा विचारला जात नाही: वीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही नेमकं काय काम करत होता? म्हणून त्याचं उत्तर तुम्हीच लिहून न्यायचं.

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि शरीरात विरघळत नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात आणि त्याच्या आवरणात वर्षानुवर्षं राहतात. मेसोथेलियोमा म्हणजे छातीच्या किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा कॅन्सर. तो तंतूंशी संपर्क आल्यानंतर साधारण २० ते ५० वर्षांनी दिसतो. फुप्फुसाचा कॅन्सरही बहुधा १५-२० वर्षांनंतरच येतो. स्वरयंत्र आणि अंडाशय यांच्या कॅन्सरशीही अ‍ॅस्बेस्टॉसचा संबंध सिद्ध झाला आहे. पांढरा, निळा, तपकिरी असे त्याचे प्रकार आहेत, पण कॅन्सर सगळ्यांमुळेच होतो. ‘पांढरा चालतो’ हे खरं नाही.

पहिलं काम: नोकरीचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून प्रत्येक काम एकेका ओळीत लिहा: साल, ठिकाण, खातं, आणि हाताने काय करत होता. ‘गिरणीत होतो’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. साचेखात्यात होता की बॉयलरवर, यात मोठा फरक आहे. बदली कामगार म्हणून काढलेले महिने, ठेकेदाराकडचं काम, सुट्टीतलं काम, सगळं धरा. ठेकेदाराच्या माणसांच्या वाट्याला बहुधा सगळ्यात धुळीचं काम यायचं आणि नोंद मात्र कुठेच राहायची नाही.

आपल्या भागात ही कामं आठवून पाहा.

कापड गिरण्या आणि साखर कारखाने यांचे बॉयलर, वाफेचे पाइप, ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर. यांच्यावर उष्णता टिकावी म्हणून लॅगिंग, म्हणजे जाड लेप असायचा, आणि जुन्या काळी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरला जायचा. पावडर घमेल्यात ओतायची, पाणी घालून हाताने मळायची आणि पाइपावर थापायची. पावडर ओततानाच धूळ उठायची. त्याहून वाईट म्हणजे जुनं लॅगिंग छिन्नीने कोरडंच फोडणं. ऑफ सीझनमध्ये कारखान्याची दुरुस्ती निघाली की हे काम आठवडेच्या आठवडे चालायचं, आणि लॅगिंग फोडणाऱ्याइतकीच धूळ शेजारी बसलेल्या वेल्डरच्या, फिटरच्या आणि झाडूवाल्याच्या छातीत जायची. आपण लॅगिंगला हातच लावला नाही असं म्हणणारा वेल्डरही म्हणून या यादीत येतो. बॉयलरच्या दाराची दोरी, पंपाचं ग्लँड पॅकिंग, फ्लँजचं गास्केट खरवडून काढणं हेही लिहा.

रेल्वेत वाफेच्या इंजिनांवर काम केलेले, शेडमधले आणि कुर्डुवाडी वर्कशॉपमधले जुने कामगार. ट्रक-बसच्या गॅरेजमधले ब्रेकवाले: ड्रम उघडून हवेच्या पाइपने धूळ उडवणं, लायनर घासणं, रिबिट ठोकणं. आणि सिमेंटचे पत्रे बसवणारे. यंत्रमागाच्या शेडवर आणि वाड्या-वस्त्यांवर घातलेल्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पत्रा न फुटता डोक्यावर पडून असेल तर धोका कमी. ग्राइंडरने कापताना, भोक पाडताना, वळवाच्या वाऱ्यात फुटलेले तुकडे झाडताना किंवा जुनी शेड पाडताना तो वाढतो.

बायकांचा कागद वेगळा लिहा. नवऱ्याचे, बापाचे, मुलाचे धुळीने भरलेले कपडे दारात झटकून धुणाऱ्या बाईच्या श्वासातही तेच तंतू जातात. कामगारांच्या घरातल्या माणसांना असा मेसोथेलियोमा झाल्याचं लंडनमधल्या अभ्यासात १९६५ सालीच नोंदवलं गेलं होतं. ‘मी तर घरातच होते’ असं म्हणणाऱ्या आजीला म्हणूनच विचारायचं: आजोबांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?

कागदाच्या शेवटी बिडी-सिगारेटचा हिशोब लिहा: दिवसाला किती, किती वर्षं, कधी सोडली. तंबाखूचा मेसोथेलियोमाशी संबंध नाही, म्हणून कधीही बिडी न ओढलेल्या माणसानेही गाफील राहू नये. फुप्फुसाच्या कॅन्सरचं गणित मात्र भयंकर आहे. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या १९७९ च्या प्रसिद्ध अभ्यासात, दोन्हींपासून लांब असलेल्यांच्या तुलनेत नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने धोका सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे ११ पट आणि दोन्ही मिळून ५० पटींहून जास्त निघाला. अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्याने आज बिडी सोडणं हा त्याच्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे, वय ६५ असलं तरी.

छातीची लक्षणं

मेसोथेलियोमाची सुरुवात बहुधा दम लागण्याने होते. आवरणाच्या दोन पदरांमध्ये पाणी साठतं आणि फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. ओळखायची खूण अशी की दम आठवड्यांत वाढतो आणि दुखणं एकाच बाजूला असतं. दोन महिन्यांपूर्वी मार्केट यार्डात पिशवी उचलून चालणारा माणूस आता जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबतो. पाणी जास्त झालं की तो नकळत आजारी बाजूवर झोपायला लागतो, कारण तसं झोपल्यावर चांगलं फुप्फुस वर मोकळं राहतं. घरच्यांनी ही गोष्ट बघून डॉक्टरांना सांगावी. रुग्ण स्वतः सांगत नाही.

दुखणं कसं आहे ते नीट सांगा. न्यूमोनियात किंवा क्षयाच्या सुरुवातीला श्वास घेताना सुई टोचल्यासारखी चमक येते. मेसोथेलियोमाचं दुखणं सहसा बोथट, जड आणि सतत असतं. ते खांद्याकडे किंवा पोटाच्या वरच्या भागाकडे सरकतं, रात्री झोप मोडतं, आणि गोळी-मलमाने तेवढ्यापुरतं दबतं. पाणी काढल्यावर दम कमी झाला पण हे जड दुखणं तसंच राहिलं किंवा वाढलं, तर तिथे थांबू नका.

बाकीची लक्षणं हळूहळू येतात: कोरडा खोकला, रात्री घाम, अंगात कणकण, अन्नावरची वासना उडणं. वजनासाठी अंदाज नको. एकाच काट्यावर महिन्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर कारण शोधलंच पाहिजे. बरगडीवर गाठ हाताला लागणं, घास अडकणं ही उशिराची लक्षणं आहेत. तोवर वाट बघायची नाही.

फुप्फुसाच्या कॅन्सरचा चेहरा थोडा वेगळा असतो. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, किंवा जुन्या बिडीच्या खोकल्याचा बदललेला आवाज आणि वेळ. थुंकीत रक्ताची रेघ, एकदाच दिसली तरी. एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. बसलेला आवाज. खांद्यातून हाताच्या करंगळीपर्यंत जाणारी कळ, जिच्यावर महिनोन्‌महिने मानेच्या मणक्याचे उपचार होत राहतात. बोटांची टोकं फुगणं: दोन्ही हातांच्या त्याच बोटाची नखं पाठीला पाठ लावून धरा. नखांच्या मुळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. ती नाहीशी झाली असेल तर एक्स-रे काढायला पुरेसं कारण आहे. फट दिसली म्हणजे आजार नाही, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

अ‍ॅस्बेस्टोसिस हा वेगळा आजार आहे. तो कॅन्सर नाही. त्यात फुप्फुस कडक होत जातं आणि दम वर्षानुवर्षं सावकाश वाढतो, दोन्ही बाजूंनी. एक्स-रेत आवरणावर चुन्यासारखे चट्टे दिसले तर तेही कॅन्सर नाहीत आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. पण ते तंतू आत गेल्याची खूण आहेत. असा रिपोर्ट फाडून टाकू नका, जपून ठेवा.

पोट, घसा आणि बायकांच्या तक्रारी

पोटाच्या आवरणाचा मेसोथेलियोमा कमी आढळतो, पण चकवतो फार. पोट फुगतं, हातपाय मात्र काटकुळे होत जातात. लुगडं किंवा पायजमा कमरेला घट्ट होतो, दोन घासांत पोट भरतं, नव्याने हर्निया दिसतो. पोटात पाणी आहे म्हटल्यावर यकृताकडे बघितलं जातं. सोनोग्राफीत यकृत ठीक असेल आणि दारूचा इतिहास नसेल, तर पाण्याची पेशी-तपासणी आणि पोटाचा सीटी मागा.

पन्नाशीनंतरच्या बाईला नव्याने गॅस, पोट जड, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीची घाई असं महिन्यात दहा-बारा दिवस होत असेल, तर ते ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढू नये. अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्यावी. आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, गिळताना कानात कळ येत असेल किंवा मानेत गाठ असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या.

क्षय की आणखी काही? सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

क्षयाचं पाणी आणि मेसोथेलियोमाचं पाणी प्रयोगशाळेत पुष्कळसं सारखं दिसतं. दोन्हींत प्रथिनं जास्त, दोन्हींत लिम्फोसाइट पेशी. एडीए नावाची तपासणी ४० च्या वर आली की क्षयाकडे कल जातो, आणि आपल्याकडे ते बहुधा बरोबर असतं. पण एडीए काही वेळा कॅन्सरच्या पाण्यातही वाढलेला येतो. सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी, पाण्यात निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं होत नाही. त्यामुळे डॉक्टर अंदाजाने क्षयाची औषधं सुरू करतात. त्यात चूक नाही. चूक होते ती पुढे न बघण्यात.

कोर्स सुरू केल्यावर ताप बहुधा दोन आठवड्यांत उतरायला लागतो, भूक परत येते आणि सहा-आठ आठवड्यांत एक्स-रेत पाणी घटतं. गोळ्या नियमित घेऊनही दोन महिन्यांनी पाणी तेवढंच असेल, काढल्यावर पुन्हा भरत असेल, रक्ताळ असेल, किंवा वजन उतरतच असेल, तर निदान पुन्हा तपासायला सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि ज्याच्या कागदावर लॅगिंग, बॉयलर किंवा पत्राकापणी आहे, त्याने दोन महिने थांबण्याचंही कारण नाही. कामाचा कागद पहिल्याच भेटीत पुढे ठेवा.

गिरणी कामगारांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि आठवड्याच्या शेवटी जरा बरं वाटतं. जुन्या कामगारांना हा सोमवारचा दम चांगला ठाऊक आहे. पण बिसिनोसिसमुळे छातीत पाणी होत नाही. गिरणी बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर नव्याने सुरू झालेला, एका बाजूचा दम कापसाच्या खात्यावर टाकता येत नाही.

तपासण्या कोणत्या क्रमाने

आधी छातीचा एक्स-रे. छोटं पाणी त्यात दिसत नाही. सुमारे २०० मिलिलिटर साठल्याशिवाय समोरून काढलेल्या एक्स-रेत कोपरा बोथट होत नाही. तक्रार टिकून असेल तर छातीची सोनोग्राफी सांगते की पाणी आहे का आणि सुई कुठे घालायची.

पाणी काढताना तीन गोष्टी पाहा. पेशी-तपासणीला निदान ५० मिलिलिटर पाणी जाऊ द्या, पाच-दहा मिलिलिटरच्या बाटलीवर निदान हुकतं. एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यात सूज येऊ शकते. म्हणून ‘सगळं एकदाच काढून टाका’ असा आग्रह धरू नका. आणि कॅन्सरचा संशय असेल तर कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन काढलेला) सीटी सगळं पाणी काढायच्या आधी झालेला बरा, कारण थोडं पाणी असताना आवरणावरच्या गाठी जास्त स्पष्ट दिसतात. सीटीआधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. डायबिटीस किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. सीटीच्या रिपोर्टमध्ये आवरण एक सेंटिमीटरहून जाड, गाठीगाठीचं, फुप्फुसाला चहूबाजूंनी वेढणारं किंवा हृदयाच्या बाजूलाही जाड झालेलं, असं काही लिहिलं असेल तर पुढची पायरी टाळू नका.

पुढची पायरी म्हणजे तुकड्याची तपासणी, आणि ती बहुतेकांना नको असते. पाण्याच्या तपासणीत मेसोथेलियोमा साधारण तिघांपैकी एकातच सापडतो. म्हणून ‘पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत’ हा रिपोर्ट सुटकेचा नाही. दुर्बिणीतून आवरण डोळ्यांनी बघून तुकडे घेतले, ज्याला थोरॅकोस्कोपी म्हणतात, तर १० पैकी ९ हून जास्त वेळा निदान होतं. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती घराघरात आहे. खरं एवढंच की या आजारात सुईच्या जागी क्वचित त्वचेखाली गाठ येते आणि तिच्यावर उपचार करता येतात. तुकड्याशिवाय उपचार मात्र सुरूच होत नाहीत. पाणी पुन्हा भरू नये म्हणून आत टाल्क नावाची पावडर टाकायची वेळ आली तर तुकडा त्याआधी किंवा त्याच वेळी घेतला जाईल, हे विचारून घ्या.

तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायची खास तपासणी, व्हायला हवी. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, टीटीएफ-१ अशी नावं रिपोर्टमध्ये दिसतील. मेसोथेलियोमा आणि आवरणापर्यंत आलेला फुप्फुसाचा कॅन्सर त्याशिवाय खात्रीने वेगळे करता येत नाहीत, आणि दोन्हींचे उपचार निराळे आहेत. रिपोर्टबरोबर पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं झालं तर नुसता कागद पुरत नाही. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. एप्रिल-मेमधल्या सोलापुरात मेण वितळायला वेळ लागत नाही.

कॅन्सर आहे की नाही हे रक्ताच्या एका तपासणीने ठरत नाही. ‘फुल बॉडी कॅन्सर पॅकेज’वर पैसे घालू नका, तेच सीटीला लागतील.

लगेच दवाखाना गाठायचा तो केव्हा

बसल्या जागी दम लागतो आणि एक वाक्य पुरं होत नाही, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे, खोकल्यातून चमचाभर किंवा जास्त रक्त येतं, सकाळी चेहरा आणि मान सुजून शिरा फुगतात, किंवा पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाते आणि लघवी अडते. यात अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं, १०८ ला फोन लावायचा.

कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे

एक्स-रे, सोनोग्राफी आणि पाण्याची तपासणी सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात सुरू करता येते. कॅन्सरच्या उपचारांसाठी शहरात श्री सिद्धेश्वर कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि सुमारे ७० किलोमीटरवर बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. जाण्याआधी थोरॅकोस्कोपी तिथे होते का, एवढं फोनवर विचारा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाच्या टेबलावर जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण मंजुरी उपचाराआधी लागते, बिल भरून झाल्यावर नाही.

मेसोथेलियोमाचं निदान जड आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तो बहुतेकांचा पूर्ण बरा होत नाही. तरी पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिनची केमोथेरपी, काहींसाठी इम्युनोथेरपी, आणि पाणी पुन्हा भरू न देण्याचे उपाय यांनी आयुष्य वाढतं आणि श्वास मोकळा राहतो. पोटाच्या आवरणाच्या आजारात निवडक रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया आणि पोटात गरम केमोथेरपी यांचा चांगला उपयोग होतो. दम आणि दुखण्यावरचे उपचार पहिल्या दिवसापासून मागा. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका, योग्य मात्रेत ते दमालाही आराम देतं.

निदान झालं की केसपेपरवर कामाचा इतिहास डॉक्टरांकडून लिहून घ्या: कुठे, किती वर्षं, अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क. भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलियोमा हे व्यवसायजन्य आजार म्हणून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात असंही बजावलं, की अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाने कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिराचं असेल तोवर ठेवली पाहिजे. पीएफची पावती, ईएसआयचं कार्ड, गिरणीचं तिकीट, पगाराची जुनी स्लिप, कामगार संघटनेची पावती, यातलं जे सापडेल ते एका फाइलमध्ये घाला. काहीच नसेल तर त्याच खात्यातल्या दोन जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या, ते हयात आहेत तोवर. भरपाईच्या दाव्याला सर्वसाधारण मुदत २ वर्षांची असते आणि रुग्ण गेला तर वारसांना दावा करता येतो. म्हणून तुकड्याच्या रिपोर्टची मूळ प्रत दवाखान्याच्या फाइलमध्ये न सोडता घरी आणा, आणि दोन झेरॉक्स वेगळ्या ठेवा.